इंदूरच्या सराफ्यातली रात्रीची खाऊफेरी

रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे सराफ्यात कढया चढतात. आमच्या वाटाड्यानं सुरुवात केली भुट्टे का कीसनं: कोवळं कणीस किसून दुधात शिजवलेलं, वर कोथिंबीर. मग गराडू. हा कंद थंडीतला, म्हणून फेरीही थंडीतच करा. तळलेल्या फोडींवर लिंबू आणि जिरावन हा इथला चटपटीत मसाला. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारख्या मऊ. माझे पैसे त्या एका द्रोणातच वसूल झाले! शिकंजी इथे दुधाची, दाट, केशर-वेलचीची. खव्याची, पाकातली मावाबाटी फार गोड, दोघांत एक पुरे. सगळीकडे थोडंथोडंच घ्या, शेवटच्या गरम जिलेबीसाठी पोटात जागा हवीच. शनिवार-रविवार टाळलेला बरा. गर्दीत धड उभं राहून खाताही येत नाही.