पेटंटवाल्या मॅडम, सदाशिव पेठ: पाचपैकी चार स्टार, एक त्यांच्याच प्रिंटरमुळे कापला

आधीच सांगतो, मी वकील नाही, इंजिनिअर तर मुळीच नाही. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात आमचं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे, दोन मशिन्स, त्यातलं एक सेकंडहँड, लग्नपत्रिका, ब्रोशर, प्रोजेक्ट रिपोर्ट असलं सगळं. त्यामुळे पेटंट एजंटचा, म्हणजे पेटंटचा अर्ज लिहून लढवून देणाऱ्यांचा, रिव्ह्यू माझ्यासारख्यानं लिहावा का हा प्रश्न आहे, पण आमच्यासारख्या लोकांसाठी कोणी लिहितच नाही म्हणून लिहितोय. मॅडमचं नाव टाकत नाही कारण खाली थोडी कुरकुरही आहे.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी जूनच्या शेवटच्या मुहूर्तांची गर्दी होती आणि एका नवरदेवाच्या वडिलांनी काउंटरवर दोन पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवरचा गणपती शेंदरी, दुसरीवरचा विटकरी. फाईल तीच, मशीन तेच, दिवस तोच, मधे फक्त आमचं जेवण आणि पावसाची एक जोरदार सर. "हा मधे आजारी पडला होता का हो?" असं विचारलं त्यांनी, आणि मी काय बोलणार, अडीचशे पत्रिका परत मारून दिल्या.

बायको काउंटर बघते आणि तिला वहीची सवय. तिनं त्या दिवसापासून प्रत्येक कलर-तक्रार लिहायला सुरुवात केली, तारीख, वेळ, कागद कुठला, रीम कधी फोडली, बाहेर पाऊस होता का, आणि शेजारी कटिंगमधली पट्टी फेविकॉलनं चिकटवलेली. नंतर तपकीर गल्लीतून आर्द्रता मोजायचं एक छोटं मीटर आणून तिनं ते सरळ पेपर ट्रेमध्येच ठेवलं. श्रावण संपेपर्यंत वही फुगून दुप्पट झाली. त्यातून दिसलं ते असं की मशीन खोलीतल्या हवेवर स्वतःला सांभाळून घेतं पण फोडून ठेवलेली रीम आतून वेगळीच दमट असते, टोनरचा चार्ज दमट हवेत उतरतो हे सर्व्हिसवाला पण सांगतो, पण ओल्या कागदावर टोनर नीट उचललाच जात नाही आणि तेही प्रत्येक कलरला सारखं नाही, आमच्याकडे ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डवर पिवळा आधी ढासळतो.

मग आम्ही एक पद्धत बसवली. दरवेळी रंगांच्या चौकोनांचा पूर्ण टेस्ट चार्ट न मारता, ट्रेमधला दमटपणा आणि त्या कागदाचा वहीतला इतिहास बघून फक्त जे चौकोन बिघडायची शक्यता आहे तेवढेच पत्रिकेच्या कटिंग मार्जिनमध्ये छापायचे, मशीनच्याच काचेवर स्कॅन करायचे आणि कर्व्ह, म्हणजे कुठला कलर किती लावायचा ते सेटिंग, दुरुस्त करायचा. मावसभाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यानं प्रोग्रॅम करून दिला. शेंदरीचा डेल्टा ई आधी सहाच्या वर जायचा तो तीनच्या आत राहायला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डेल्टा ई म्हणजे दोन रंगांतलं अंतर आकड्यात, मोठा आकडा म्हणजे गणपती विटकरी.

भाऊ म्हणाला पेटंट घे. घेतलं. म्हणजे घ्यायला गेलो आणि आधी भलत्याच माणसाकडे गेलो. त्याचंही नाव घेत नाही, पॉश ऑफिस, कॉफी मशीन, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. त्यानं वीस मिनिटं ऐकलं, पैसे घेतले आणि चार पानांचं प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, फाईल करून टाकलं, म्हणाला आता पत्रिकेच्या मागे बिनधास्त पेटंटेड छापा. त्यानंतर फोन नाही मेल नाही. प्रोव्हिजनलनंतर बारा महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, भरलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात, हे मला अकराव्या महिन्यात कळलं, तेही एका गिऱ्हाइकाकडून, ज्याच्या भाचीनं या मॅडमचा नंबर दिला.

आता मॅडम. सदाशिव पेठेत जुना वाडा पाडून बांधलेल्या बिल्डिंगमध्ये तिसरा मजला, लिफ्ट आहे पण बंद असते, चप्पल बाहेर. खोलीत दोन टेबलं, फायलींचे गठ्ठे आणि एक म्हातारा लेझर प्रिंटर. पाणी विचारलं, कॉफी नाही. खुर्चीवर बसायच्या आधीच पहिला प्रश्न, "हे कुठे दाखवलंत का? व्हिडिओ, प्रदर्शन, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप?" मी म्हटलं नाही. "देवाची कृपा. दाखवलंत तर नावीन्य गेलं." दुसरा प्रश्न, "पेटंटेड असं कुठे छापलंत का?" तेही नाही, कारण बायकोनं छापू दिलं नव्हतं. पेटंट मंजूर व्हायच्या आधी तसं छापलं तर दंड बसतो, आणि तो भला माणूस आम्हाला तेच करायला सांगत होता.

मग ते चार पानी प्रोव्हिजनल वाचलं आणि म्हणाल्या यात तुमचं काही नाहीच आहे. चौकोन छापा, काचेवर स्कॅन करा, करेक्शन टेबल बनवा, एवढंच त्यात होतं, आणि हे तर कॉपियरच्या मेनूमध्येच असतं, ऑटो ग्रेडेशन अ‍ॅडजस्टमेंट म्हणून, आम्हीच आठवड्यातून दोनदा करतो! दमटपणाचा शब्दसुद्धा नव्हता. आणि प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलंय त्यालाच ती जुनी तारीख मिळते, त्यामुळे ते वाचवण्यात अर्थ नव्हता. "ते मरू दे, छापून येणार नाही ते कुठे. नवीन अर्ज करू." म्हणजे सोळाशे रुपये सरकारी फी आणि त्या कॉफीवाल्याची फी पाण्यात. वाईट वाटलं, पण इतकं तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं.

नंतर सर्च, म्हणजे असं आधी कोणी केलंय का ते शोधणं. बारा दिवस लागले आणि एक जाडजूड फाईल समोर आली, बहुतेक जपानी आणि अमेरिकन कंपन्यांची पेटंटं, कॅनन, रिको, झेरॉक्स, कोनिका मिनोल्टा, जी नावं आमच्या मशिन्सवर असतात तीच सगळी. मार्जिनमध्ये चौकोन छापणं, आहे. आर्द्रतेचा सेन्सर, आहे. कागदाच्या प्रकाराप्रमाणे टेबल, आहे. मी तर उठून चाललोच होतो. मॅडम म्हणाल्या बसा, वही दाखवा. बायकोची वही त्यांनी दीड तास वाचली, चिकटवलेल्या पट्ट्यांवरून बोट फिरवत, आणि शेवटी म्हणाल्या, "तुमचं आहे ते इथे आहे. खोलीतली नाही, ट्रेमधली ओल. आणि कुठले चौकोन छापायचे हे त्या कागदाच्या मागच्या वागण्यावरून ठरवणं. बाकी सगळं दुसऱ्यांचं." तेवीस क्लेम, म्हणजे 'हे आमचं' असं सांगणारे मुद्दे, घेऊन गेलो होतो, नऊ उरले. दहाच्या वर प्रत्येक क्लेमला ३२० रुपये पडतात हा बोनस.

आणखी एक. मी अर्जात फक्त माझं नाव घालणार होतो. "वही कोणाची?" मी म्हटलं बायकोची. "मग शोध कोणाचा?" गप्प बसलो. आता आम्ही दोघं अर्जदार आहोत, मी दुसऱ्या नंबरावर. त्याचा फायदाही झाला, वैयक्तिक अर्जदारांत एक जरी स्त्री असेल तर २०१९ पासून झटपट परीक्षणाचा, म्हणजे अर्ज लवकर तपासून घ्यायचा, फॉर्म १८ए भरता येतो. आमच्यासारख्यांना त्याची फी ८,००० रुपये, साध्या फॉर्म १८ ची ४,०००, आणि अर्ज लवकर प्रसिद्ध करायचा फॉर्म ९ म्हणजे अजून २,५००. नाहीतर प्रसिद्धीलाच अठरा महिने. बरेच जण परीक्षणाची विनंती करायचंच विसरतात म्हणे, आपोआप होत नाही ते, आणि मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिनेच आहेत, आधी ४८ होते.

मुंबईला जावं लागलं नाही. महाराष्ट्राचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे पण सगळं ऑनलाइन चालतं.

आता एफईआर, म्हणजे पहिला परीक्षण अहवाल. तो आला त्या दिवशी मला वाटलं संपलं. आठ पानं, डी१ डी२ डी३ असे जुने दस्तऐवज, प्रत्येक क्लेमपुढे नाही, नाही, नाही. आणि वर कलम ३(के), गणिती पद्धत, अल्गोरिदम, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम, पेटंट मिळत नाही. मॅडमना फोन केला तर हसल्या, म्हणाल्या, सगळ्यांना असंच येतं, सहा महिने आहेत, घाबरू नका. तरी एक गोष्ट त्यांनी माझ्यावर ढकलली आणि ती बरोबर होती. आमच्या पहिल्या क्लेमची सुरुवात "करेक्शन टेबल तयार करण्याची पद्धत" अशी होती आणि तो शब्दप्रयोग माझ्याच हट्टामुळे राहिला होता, मला वाटत होतं जितकं मोकळं तितकं मोठं. त्यांनी तेव्हाच अमेरिकेतली २०१४ ची केस सांगितली होती, डिजिटेक विरुद्ध इलेक्ट्रॉनिक्स फॉर इमेजिंग, म्हणजे तेव्हाची फिअरीवाली ईएफआय, फिअरी म्हणजे प्रिंटरला फाईल तयार करून देणारा कंट्रोलर. पेटंट होतं कलर डिव्हाइस प्रोफाइलचं, म्हणजे मशीन रंग कसे दाखवतं त्या नोंदीचं. कोर्टानं म्हटलं प्रोफाइल म्हणजे नुसती माहिती, वस्तू नव्हे, आणि दोन डेटा घेऊन तिसरा बनवणं ही अमूर्त कल्पना. क्लेम मशीनला बांधलेलाच नव्हता, गेलं. तिकडचा निकाल इथे लागू होत नाही, पण दुखणं तेच.

मग क्लेम नव्यानं मांडला: ट्रेमधल्या सेन्सरनं ओल मोजली, मशीननं ठराविक चौकोन वाया जाणाऱ्या कडेवर छापले, काचेनं वाचले, कर्व्ह मशीनमध्ये गेला आणि पुढची शीट त्यानं छापली. शीट बाहेर पडेपर्यंत क्लेम संपत नाही. मूळ अर्जात हे सगळं वर्णनात होतं म्हणून असं करता आलं, नंतर नवीन काही घुसवता येत नाही. सोबत वहीतल्या मापांचा तक्ता, सुधारणा कागदावर दिसते, निव्वळ गणितात नाही हे दाखवायला. डी१ मध्ये हवेचा सेन्सर आहे पण ट्रेचा नाही, डी२ मध्ये मार्जिनचे चौकोन आहेत पण दरवेळी तेच ते, आणि दोन्ही एकत्र केले तरी कागदाचा इतिहास येत नाही. हे उत्तर मी तीनदा वाचलं, आणि खरं सांगतो, आमची पद्धत मला स्वतःला तिथे पहिल्यांदा नीट समजली.

हिअरिंग व्हिडिओवर झाली आणि तारीख आली गुरुवारची. पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, गुरुवार म्हणजे लाईट जायचा वार. बरोबर मधेच गेली. मॅडमनी एक शब्द न बोलता मोबाईलवरून जॉइन केलं आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू.

कुरकुर आता. मेलला उत्तर चार-पाच दिवस येत नाही, फोनच करावा लागतो, आणि फोन सकाळी अकराच्या आत. पहिल्या ड्राफ्टच्या आकृतीत पेपर ट्रे आणि स्कॅनरचे नंबर उलटे पडले होते, मी पकडले, नाहीतर तसंच गेलं असतं. फी टप्प्याटप्प्यानं घेतात ते बरं, पण एफईआरच्या उत्तराचे पैसे वेगळे हे सुरुवातीला स्पष्ट सांगितलं नव्हतं, वर १८ टक्के जीएसटी. सगळं मिळून आमच्या मोठ्या मशीनच्या ड्रमच्या (ज्यावर चित्र उमटून कागदावर जातं तो रोलर) एका सेटपेक्षा थोडं जास्त झालं, आणि पेटंट मिळेलच अशी हमी त्या देत नाहीत. कॉफीवाल्यानं दिली होती.

एकदा वाट बघताना त्यांनी चेस्टर कार्लसनची गोष्ट सांगितली. ज्यानं १९३८ मध्ये झेरॉक्सची पद्धत शोधली तो स्वतः न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात कामाला होता, पेटंटच्या प्रतींचा कायम तुटवडा, त्या कटकटीतून हे सुचलं. जस्ताच्या पट्टीवर गंधक, घासून चार्ज केलं, वर पूड टाकली. पेटंट १९४२ ला मिळालं आणि ९१४ हे मशीन यायला १९५९ उजाडलं. म्हणजे आपला सगळा झेरॉक्सचा धंदाच पेटंटच्या कारकुनीतून निघालाय, आणि हे मला तीस वर्षं ड्रम पुसल्यावर कळलं.

एक स्टार कापला तो त्या म्हाताऱ्या लेझर प्रिंटरसाठी. आमच्या उत्तराची जी प्रत त्यांनी मला दिली तिच्यावर प्रत्येक पानाला डावीकडे वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ, ड्रमवर ओरखडा आहे, लांबूनच कळतं. मी म्हटलं मॅडम हे मी दहा मिनिटांत नीट करतो. "नको, चालतंय ते," म्हणाल्या. हिअरिंगनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, ते वाचून घ्यायला बुधवारी आम्ही दोघं जातोय. ड्रम पिशवीत घालून ठेवलाय, बायको म्हणाली तू जिन्यात थांब, आधी मी विचारते.