कुंभारगावची होडी आणि माळरानावरची संध्याकाळ

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, इंदापूर तालुक्यातील कुंभारगावात, स्थानिक मच्छीमारांची पक्षीदर्शनाची होडी आणि तिला जोडून जवळच्या माळरानावरची गाडीची फेरी आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतली. बहुतेक लोक येथे फ्लेमिंगोंसाठी येतात आणि त्यासाठी पाणी ओसरून चिखलाचे काठ उघडे पडेपर्यंत थांबावेच लागते. परंतु शिकारी पक्ष्यांची ओढ असणाऱ्यांनी दिवाळीच्या आसपासच यावे, कारण तेव्हा माळावरचे गवत उभे असते, त्यात नाकतोडे मुबलक असतात आणि होड्यांची गर्दी नसते.

आमच्या नावाड्याने पाण्यातल्या वठलेल्या बाभळीवर बसलेला ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडून खाणारा शिकारी पक्षी, दुरूनच हेरला, इंजिन बंद केले आणि पुढे केवळ वल्ह्यांनी होडी नेली. वीसेक मिनिटे कोणी बोलले नाही. मग पक्ष्याने पाय पुढे काढून पाण्यात झेप घेतली आणि वर येताना मासा पंजांत फिरवून त्याचे तोंड उडण्याच्या दिशेला केले. त्याचे बाहेरचे बोट मागे वळते आणि तळव्यांवर बारीक काटे असतात, म्हणून बुळबुळीत मासाही सुटत नाही, हे नावाड्याने स्वतःचा तळहात पसरून समजावले. असा जाणकार आणि संयमी माणूस सोबत असणे, हेच या सेवेचे खरे मोल आहे.

माळावर मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून आलेले भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी दिसले. फिकट राखाडी नर पंख किंचित वर धरून गवताच्या शेंड्यांवरून तरंगत होता, तर तपकिरी मादीच्या शेपटीच्या मुळाशी असलेला पांढरा पट्टा वळताना लख्ख दिसत होता. हे पक्षी रात्री गवतातच, जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. दुर्दैवाने आमच्या चालकाने जवळून छायाचित्र मिळावे म्हणून गाडीवाट सोडून गाडी गवतात घातली आणि नुकतेच बसलेले चार पक्षी अंधारात उठले. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्यांची अशी झोपमोड मला फार लागली.

होडीची शिफारस मी निःशंकपणे करेन. गाडी ठरवताना मात्र वाट सोडायची नाही आणि सूर्यास्तापूर्वी माळावरून निघायचे, या दोन अटी आधीच घालाव्यात.