हुतात्मा स्मारकाचा ग्रॅनाइट फलक: अक्षरं चोख, पायाकडे मात्र तुम्हीच बघा

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतलं हे वर्कशॉप गावोगावच्या हुतात्मा स्मारकांचे फलक कोरून देतं. फलक करून घेणाऱ्या ग्रामपंचायतींसाठी आणि मंडळांसाठी हा अभिप्राय.

अक्षरं कोरण्यात यांचा हात धरणारं कुणी नाही. दगडावर रबरी स्टेन्सिल चिकटवून वाळूच्या फवाऱ्यानं 2 ते 3 मिलिमीटर खोल कोरतात. लेझरचं अक्षर वरवरचं राहतं, रंग उडाला की लांबून दिसत नाही. मात्र अक्षर एक इंचापेक्षा लहान घेऊ नका. ‘वीर’मधल्या व च्या पोटात रबराचा सुटा तुकडा असतो, ब च्या पोटात दोन. अक्षर बारीक असलं की फवाऱ्यात हे तुकडे उडतात आणि अक्षराच्या जागी नुसता खड्डा पडतो. पदकासोबतच्या मानपत्रातला सगळा मजकूर एकाच फलकावर बसवायचा हट्ट धरला की हे हमखास होतं.

मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेलात तर जोडाक्षरं तुटतात, ‘शौर्य’वरचा रफार सरकतो. इथे कोरण्याआधी मूळ मापाची कागदी प्रत काढून देतात. ती हुतात्म्याच्या घरच्यांना दाखवा, मगच सही करा.

पदकाची खात्री मात्र वर्कशॉपवर सोडू नका. संगणकातल्या तयार नमुन्यांत वीरचक्राच्या जागी शौर्यचक्र सहज येतं, आणि हुतात्म्याच्या फलकावर ही चूक खपवून घेण्यासारखी नाही. परमवीर, महावीर आणि वीरचक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. अशोक, कीर्ती आणि शौर्यचक्र त्याव्यतिरिक्तच्या शौर्यासाठी. परमवीरचक्र कांस्याचं, गोल, त्यावर चार वज्रं, फीत जांभळी. महावीरचक्र आणि वीरचक्र दोन्ही चांदीची, दोन्हींवर पाच टोकांचा तारा. फरक फितीवरून चटकन कळतो. महावीरची पांढरी-केशरी, वीरचक्राची गडद निळी-केशरी. पदकाचं त्या काळचं नावही तपासा. आपल्या नळदुर्गला हैदराबादच्या पोलीस कारवाईत 13 सप्टेंबर 1948 रोजी हवालदार बचित्तर सिंग यांनी मांडीत गोळ्या लागल्यावरही सरपटत जाऊन मशीनगनच्या ठाण्यावर हातबॉम्ब टाकले. त्यांना मरणोत्तर मिळालेलं पदक तेव्हा ‘अशोकचक्र, वर्ग 1’ होतं. हे वर्ग 1967 मध्ये गेले आणि नाव नुसतं ‘अशोकचक्र’ राहिलं. राजपत्रातली नोंद समोर ठेवूनच मजकूर लिहा. हुद्दा, पलटण आणि तारीख जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पडताळून घ्या.

दगड बरा असतो, तरी पारखून घ्या. हलका ग्रॅनाइट काळा रंगवून विकला जातो. ॲसिटोनमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं घासा. काळं उतरलं तर परत करा. अक्षरांत सोनेरीपेक्षा पांढरा रंग भरा, सोनेरी उन्हात लवकर मळकट होतो. चेहरा कोरायचा असेल तर दगड एकसारख्या बारीक कणाचा हवा, नाहीतर डोळ्यांजवळ ठिपके पडतात.

खरी तक्रार बसवणीची. वर्कशॉपची माणसं फूट-दीड फूट खणून चौथरा उचलतात. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. असा चौथरा कलतो आणि फलकाला कोपऱ्यातून तडा जातो. पाया पक्का मुरूम लागेपर्यंत न्या आणि भोवतीही काळ्या मातीऐवजी मुरूमच भरा. हे काम गावातल्या जाणत्या गवंड्याला द्यावं. 3 बाय 4 फुटांचा 20 मिलिमीटर जाडीचा फलक साधारण 65 किलो भरतो. तो नुसत्या सिमेंटवर चिकटवू देऊ नका, स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प मागा. कडेला 5 मिलिमीटर फट ठेवून सिलिकॉन भरायला सांगा, म्हणजे उन्हानं दगड फुगला तरी जागा राहते. चौथऱ्याला बोअरचं खारं पाणी मारलं तर फलकाच्या खालच्या कडेला पांढरा खार फुटतो, तेव्हा गोड्या पाण्याचा टँकर आधीच सांगून ठेवा.