कॅल्शियम जर्मनमध्ये ‘के’ने लिहू की ‘सी’ने?

जर्मनीत केमिस्ट्री शिकायला निघालेली भाची विचारत होती, दोन्ही स्पेलिंग दिसतात, पाठ कुठलं करू? ‘के’वालं वर्तमानपत्रातलं, रोजचं, ‘सी’वालं लॅबमधलं. लक्षात ठेवायला ‘सी’ सोपं, Ca या रासायनिक चिन्हाशी जुळतं, कोबाल्टचंही तसंच. आयोडीनची तर गंमतच, मूलद्रव्यांच्या जुन्या जर्मन तक्त्यात चिन्हच ‘जे’ होतं, आता ‘आय’ झालंय पण सुपरमार्केटात मिठाच्या पाकिटावर आयोडीनचं स्पेलिंग अजून ‘जे’नेच! बिस्मथ या धातूला लॅबमध्ये बिस्मुट, बाहेर विस्मुट (जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातल्या, आता बंद झालेल्या युरेनियम खाणींच्या कंपनीचं नाव पण हेच). हायड्रोजन, ऑक्सिजनला हा ताप नाही, वासरश्टॉफ, झाउअरश्टॉफ दोन्हीकडे सेम. युनिव्हर्सिटीत रिपोर्ट लिहायचेत तर लॅबवालंच धर, नुसती भाषा शिकणाऱ्याला रोजचं पुरतं.