बावीस सेकंदांचं चाक: तीन वर्षं वापरलेला फ्लायव्हील यूपीएस

सर्व्हर रूमची वीज सांभाळणं हे माझं काम. तीन वर्षांपूर्वी शिशाच्या बॅटऱ्यांची अख्खी रांग काढून आम्ही फ्लायव्हील यूपीएस बसवला, म्हणजे वीज गेली की जनरेटर भार घेईपर्यंत फिरत्या जड चाकाच्या ऊर्जेतून वीज पुरवणारं यंत्र. बाहेरून साधं कपाट. आत निर्वात पोकळीत ३०० किलोचं, ३० सेंटिमीटर त्रिज्येचं भरीव पोलादी चाक मिनिटाला ७,७०० फेरे घेतं. म्हणजे त्याची कड सेकंदाला २४० मीटर धावते! आत हवा असती तर तिच्या घर्षणातच बरीच ऊर्जा गेली असती, वर चाक तापलं असतं ते वेगळंच.

पूर्ण गतीत या चाकात जेमतेम १.२ युनिट वीज मावते. ऐकायला फारच कमी वाटतं, पण ती हवी त्या क्षणी झपाट्याने काढता येते. आमच्या १५० किलोवॅटच्या भाराला, चाक निम्म्या गतीवर येईपर्यंत, २२ सेकंद मिळतात. त्याखाली उतरण्यात अर्थ नाही. ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे गती निम्मी झाली की तीन चतुर्थांश ऊर्जा संपलेली असते.

मला हे यंत्र मनापासून आवडलं ते त्याच्या खरेपणामुळे. जुन्या बॅटऱ्या व्होल्टेज उत्तम दाखवायच्या आणि भार पडला की माना टाकायच्या. इथे फेऱ्यांचा आकडा हाच साठ्याचा आकडा. मागच्या वेळी वीज गेली तेव्हा मी समोरच उभी होते. जनरेटरने भार घ्यायला ७ सेकंद लावले, तेवढ्यात चाक ७,७०० वरून ६,७०० वर उतरलं. गती १३ टक्के घटली, ऊर्जा मात्र जवळजवळ पाव गेली. कागदावरचं गणित आणि पडद्यावरचा आकडा जुळला, तेव्हा अंगावर काटा आला.

त्रास आहेतच. चाक फिरतं ठेवायला दिवसरात्र थोडी वीज लागते. व्हॅक्यूम पंपाचं तेल वेळेवर बदलावं लागतं. चाकाचं बरंचसं वजन चुंबक उचलून धरतो, तरी बेअरिंग ठरलेल्या मुदतीत बदलावीच लागतात, आणि त्या दिवशी यंत्र बंद. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू होणार नसेल, तर हे घेऊच नका. दुसऱ्या प्रयत्नाला फार वेळ उरत नाही.

आमचा जनरेटर अजूनही शिशाच्या बॅटरीवरच सुरू होतो. ती मी दर सोमवारी भार टाकून तपासते.