गोवा–सोलापूर विमान: परतीच्या प्रवासाचा हिशेब

गोव्याला जाताना सोलापूरकराला काहीही चालतं, स्लीपर बसही. परत येताना तीच बस अंगावर येते. पावणेचारशे-चारशे किलोमीटर रस्ता, उन्हाने सोललेले खांदे, बॅगेत वाळू आणि सकाळी दुकान किंवा ऑफिस. ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ या विमान कंपनीने गोवा–सोलापूर सेवा सुरू केली आणि ही रात्र तासाभरावर आली. निदान कागदावर तरी. हा रिव्ह्यू फक्त परतीच्या बाजूचा आहे.

पहिली चूक विमानात बसण्याआधीच होते. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दक्षिणेचा दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यातला मोपा. सोलापूरचं विमान मोपाहून सुटतं. तिकिटावर मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. फरक एका अक्षराचा, पण चुकलात तर विमान गेलंच म्हणून समजा. हरमल-मांद्रे बाजूला मुक्काम असेल तर मोपा जवळ. पणजीहून तासभर धरा. पाळोळ्याला उतरला असाल तर शंभरेक किलोमीटर रस्ता आहे आणि टॅक्सीचं भाडं कधी कधी विमानाच्या तिकिटाच्या जवळपास जातं. म्हणून शेवटची रात्र उत्तर गोव्यात काढा. तसं जमत नसेल तर पणजीपर्यंत या आणि तिथून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस बघा. बहुतेक कंपन्यांचं चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं, आणि ते ६० म्हणजे ६०च. रांगेत आधीपासून उभे होतो, ही सबब चालत नाही.

आता सामान. खरी डोकेदुखी इथे आहे. बहुतेक स्वस्त तिकिटांवर चेक-इनला १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो मिळतात. आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा. जाताना १३ किलोची असलेली बॅग येताना १८ ची होते आणि सगळा दोष काजूवर जातो. काजूचा वाटा असतोच, पण गुपचूप वजन वाढवतो तो ओला टॉवेल. आपला सोलापुरी टॉवेल पाणी धरून ठेवण्यासाठीच विणलेला असतो. कोरडा असताना चार-पाचशे ग्रॅमचा मोठा टॉवेल नुसता पिळून बॅगेत कोंबला तर सहज किलोच्या वर जातो. चौघांचे चार म्हणजे दोन-अडीच किलो निव्वळ पाणी, त्याचे पैसे काउंटरवर भरायचे! आदल्या दुपारनंतर टॉवेल भिजवू नका, एवढं केलं तरी पुष्कळ. जास्तीचं वजन लागणारच असेल तर ते आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर दर चढा असतो.

खाण्याच्या वस्तूंचं म्हणाल तर काजू आणि बेबिंका (थरांची गोवन मिठाई) निर्धास्त हातात ठेवा. कोकमाचं आगळ, तेलातलं लोणचं, रेशाद मसाला (वाटलेला ओला मसाला) चेक-इनमध्ये टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत बाटली तिथेच सोडून यावी लागेल. विमान वर गेलं की बाटलीतली हवा फुगते आणि रस झाकणाच्या आट्यांतून बाहेर ढकलते. प्लॅस्टिकची बाटली हलकेच दाबून आतली हवा काढा, मग झाकण घट्ट लावा, वर चिकटपट्टी, दोन पिशव्या, आणि बाटली उभी ठेवा. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला आगळाचा डाग कशानेच जात नाही. सुकं खोबरं हातातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही; त्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून बंदी. पॉवर बँक नेमकी उलट, ती हातातच हवी. सुक्या बोंबलांचा वास बाहेर आला तर काउंटरवरच अडवतील. फेणीच्या बाबतीत लोक दोन नियमांची गल्लत करतात. २४ ते ७० टक्के अल्कोहोलची सीलबंद बाटली माणशी ५ लिटरपर्यंत चेक-इनमध्ये चालते, हा झाला विमानाचा नियम. महाराष्ट्रात परवान्याशिवाय गोव्याची दारू आणणं हा गुन्हा आहे, तो कायदा वेगळा. तेव्हा नकोच.

विमान एटीआर ७२, पंख्याचं. दोन-दोन आसनं, मधली सीट नाही, ही मोठी सोय. वरचे कप्पे मात्र उथळ आहेत. मोठ्या विमानात बसणारी कडक ट्रॉली इथे बसत नाही, मऊ पिशवी बसते. चढणं-उतरणं मागच्या दारातून होतं, त्यामुळे शेवटच्या रांगेतला माणूस पहिला उतरतो. पंख्यांचा आवाज पुढच्या-मधल्या भागात जास्त, मागे कमी. म्हणजे मागची सीट दोन्हीकडून फायद्याची, आणि लोक उगाच पुढची मागतात. पंख वर असल्याने खाली बघायला अडथळा येत नाही. ढगांच्या फार वर हे विमान जात नाही, म्हणून पावसाळ्यात सह्याद्रीवर धक्के बसतात. पट्टा बांधून ठेवा, चहा नंतर.

उशिराबद्दल एवढंच: तेच विमान दिवसभर गावोगाव फिरत असतं, सकाळचा अर्धा तास संध्याकाळपर्यंत दोन तास होतो. दोन तासांच्या वर गेलं तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाप्रमाणे खाणं-पिणं द्यावं लागतं, मागून घ्या. सहा तासांच्या वर जात असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे. आयत्या वेळी रद्द झालं तर तासाभरापर्यंतच्या फेरीला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या फेरीला ७,५००; मूळ भाडं अधिक इंधन शुल्क याहून कमी भरत असेल तर तेवढंच. पण कारण हवामान असेल तर भरपाई नाही. फेऱ्या रोज असतातच असं नाही आणि मार्च-ऑक्टोबरच्या शेवटी वेळापत्रक बदलतं. दुसऱ्या दिवशी लग्न किंवा परीक्षा असेल तर या विमानाच्या भरवशावर राहू नका.

सगळं सोसून होटगी रस्त्याच्या धावपट्टीवर उतरलात की मजा सुरू होते. याच धावपट्टीला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, त्यावर गावात अजून दोन तट आहेत. एरोब्रिज वगैरे भानगड नाही. शिडीवरून खाली पाय टाकला की दमट हवा संपलेली, कोरडी झळ तोंडावर, आणि चार पावलांवर टर्मिनल. प्रवासीच फार तर सत्तरच्या आसपास, त्यामुळे सामानासाठी मुंबईसारखं ताटकळणं नाही. बॅग फुटलेली दिसली तर दाराबाहेर पडण्याआधी तिथल्या तिथे लेखी तक्रार द्या आणि प्रत घ्या; घरून फोन करून उपयोग नसतो.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण गेले ते मोपाच्या रस्त्याचे आणि बेभरवशाच्या वेळेचे.

रिक्षा बाहेर असतात, बसण्याआधी भाडं ठरवा. ओळखीच्या रिक्षावाल्याला मोपाहून सुटतानाच फोन करून ठेवलात तर उत्तम. आसरा चौक ओलांडून सात रस्त्याला पोचेपर्यंत घरी फोन करून कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढून ठेवायला सांगता येतं.