कोटेशन १८५ चं, टायर १९५ चे

माझ्या स्विफ्टला कंपनीचे टायर १६५/८० आर१४, पत्र्याच्या चाकांवर. मला पंधरा इंची अलॉय चाकं बसवायची होती. पुण्यातल्या एका टायरवाल्यानं व्हॉट्सॲपवर कोटेशन दिलं: अलॉय, १८५/६५ आर१५ चे चार टायर, हब रिंग, बॅलन्सिंग.

हे माप योग्यच होतं. जुन्या टायरची रुंदी १६५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १३२. वर-खाली मिळून २६४, त्यात रिमच्या १४ इंचांचे ३५५.६ मिळवले की चाकाचा व्यास साधारण ६२० मिमी. १८५/६५ आर१५ चा येतो ६२१.५. फरक नगण्य.

गाडी मिळाली तेव्हा दिसायला झकास होती. पण रोजच्या स्पीडब्रेकरवर पोट घासू लागलं आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. जीपीएसशी ताडून पाहिलं, तर काटा पूर्वीपेक्षा जास्तच पुढे पळत होता. वाकून टायर वाचले: १९५/५५ आर१५. व्यास ५९५.५. म्हणजे चाक जवळजवळ चार टक्क्यांनी लहान, गाडी १२ मिमी खाली, आणि शंभर किलोमीटर चाललं की मीटरवर चार जादा. डिकीतली स्टेपनी मात्र जुन्याच मापाची. पंक्चर झालं की एका बाजूला २४ मिमी मोठं चाक!

दुकानात विचारलं तर शेठ म्हणाले, "साहेब, पंधरा म्हणजे पंधरा. उलट रुंद टायर दिलाय, ग्रिप बघा." पंधरा हा फक्त रिमचा आकडा, हे त्यांना माहीत नसेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. न खपणारा माल माझ्या गाडीखाली सरकवला, इतकंच.

दुसऱ्या गॅरेजात चाकं उतरवल्यावर बाकीचं बाहेर आलं. या अलॉयचं मधलं भोक ७३.१ मिमी, स्विफ्टच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, लागतं ५४.१. ती फट भरायला रिंग असते. बिलात रिंगचे पैसे होते, चाकात रिंग नव्हत्या. थरथर त्याचीच. मागच्या दोन टायरांवर बाहेरून बनावटीची तारीखच दिसेना. ती बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेली असते आणि इथे ती बाजू आत वळवलेली. चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे १४१९ होतं, म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. बसवले २०२४ मध्ये, नवे म्हणून. पुढचे दोन ताजे, तारीख बाहेर. काय ती कलाकारी!

बिलावर टायरांबद्दल नुसतं 'टायर ४ नग'. माप लिहिलेलंच नाही, आणि शेठ त्याच कागदावर बोट ठेवून बसले. उपयोगी पडलं ते व्हॉट्सॲपवरचं कोटेशन. ते, टायरच्या भिंतींचे फोटो आणि दुसऱ्या गॅरेजवाल्यानं लिहून दिलेला कागद जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार केली. त्यानंतर शेठची भाषा मऊ झाली. टायर बदलून दिले, रिंगही बसवल्या. या वेळी मापं, तारखेचे आकडे आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) बिलावर लिहून घेतल्याशिवाय मी गाडी जॅकवर चढवू दिली नाही. लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी चालत नाही. आपला आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर नाहीतर जुन्या टायरवर सापडतो.

माझी जुनी पत्र्याची चाकं शेठनी 'एक्स्चेंज'मध्ये किरकोळ भावात घेतली होती. ती मागितली, तर म्हणे विकली गेली.